दादाच्या खोलीतली तिसरी वायर

दादाच्या शेजारच्या बबनरावांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दहावीच्या सराव परीक्षेची बैठकव्यवस्था लावत बसले होते. दुपारचा एक वाजून गेला होता. "ताई, तुमी निघा पुनतांब्याला. काका गेले," ते म्हणाले. अशा वेळी माणूस रडतो, निदान "कधी?" असं तरी विचारतो. मी विचारलं, "ओट्यावरचा दिवा लागला होता का?" बबनराव म्हणाले, "दिवा? न्हाई ओ ताई. काकू म्हनत्यात, दिवा दिसला न्हाई. जेवायला उठवाया गेल्या तर..." मी फोन ठेवला, कोणत्या तीन वर्गांची मांडणी राहिली आहे ते शेजारच्या बाईंना सांगितलं आणि बसस्थानक गाठलं. नगरहून पुणतांब्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दादा नव्हताच. एक हिरवी वायर होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, सुधाकर. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून आयुष्यभर खांबांवर चढला, केबलींमधले बिघाड शोधले आणि निवृत्त होऊन पुणतांब्याच्या घरी येऊन बसला. तीनेक वर्षांपूर्वी त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. खोलीत ऑक्सिजनचं यंत्र आलं. ते दिवसभर घरघरायचं, दादाचा आवाज उतरलेला, आणि वहिनींना ऐकू कमी येतं. स्वयंपाकघर खोलीपासून लांब, मध्ये सगळं माजघर. दादानं हाक मारली तरी ती दारापर्यंतसुद्धा जायची नाही. मी साधा उपाय सुचवला, बाजारातून एक बेल आणू. दादा म्हणाला, "बेल वाजली हे तिला कळणार कसं? आणि तिला कळलं, हे मला कळणार कसं?" दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

त्यानं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. कुरिअरनं दोन मायक्रोकंट्रोलर, म्हणजे इवलेसे संगणकच, मागवले होते, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या दोन निळ्या पट्ट्या. एक त्याच्या खोलीत राहणार, एक स्वयंपाकघरात, आणि दोघी वायरीवरून एकमेकींशी बोलणार. अडचण एवढीच की श्वासासाठी घ्यायच्या औषधानं त्याचे हात थरथरायचे, तारांना डाग द्यायची सोल्डरिंग गन त्याला धरवत नव्हती. "हात तुझे, डोकं माझं," तो म्हणाला, "आणि भांडण दोघांचं." मी हेडक्लार्क. मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. येतात त्या फक्त याद्या. दर शनिवारी दुपारी मी वहीत क्रमांक घालून कामं लिहून न्यायचे आणि दादा मला "यादीबाई, आज किती कलमं?" म्हणून चिडवायचा.

पहिल्या शनिवारी एक दिवा लुकलुकवला. दुसऱ्या शनिवारी दोन्ही पट्ट्या माझ्या लॅपटॉपला जोडून एकीवरचं बटण दाबल्यावर दुसरीवरचा दिवा लागला पाहिजे, एवढंच काम होतं. नाही लागला. प्रत्येक पट्टीला बोलायचा एक पाय, म्हणजे पिन, असतो आणि ऐकायचा एक. मी नीटनेटकेपणानं बोलण्याला बोलणं आणि ऐकण्याला ऐकणं जोडलं होतं. दादा खोकत खोकत हसला. "मंगे, दोघी एकदम बोलतायत, ऐकतंय कोण? आपल्या घरच्यासारखं केलंस की!" वायरी उलटसुलट केल्या, दिवा लागला. पुढच्या खेपेला दिव्याऐवजी अक्षरं पाठवायची होती. तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, काहीही. या वेळी एक पट्टी भरभर बोलत होती आणि दुसरी सावकाश ऐकत होती. दोघींचा वेग एकच ठेवावा लागतो, कारण अक्षरं एकाच वायरीतून एकामागून एक ठोक्यावर जातात आणि ठोका चुकला की सगळं बोबडं होतं. अशा प्रत्येक चुकीनंतर मी वहीत एक कलम वाढवत गेले. दादा शिकवायचा कमी, चुकू जास्त द्यायचा. चूक समोर दिसत असताना तो छताकडे बघत बसायचा. मला राग यायचा, पण आता कळतं, त्यातली एकही चूक मी दुसऱ्यांदा केली नाही.

खरी फजिती झाली ती पट्ट्या पेट्यांत घालून जागेवर बसवल्या त्या दिवशी. टेबलावर सगळं चोख चाललं होतं. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत वायर टाकायला दादानं माळ्यावरून जुनी टेलिफोनची वायर काढायला लावली. ती त्याची फार लाडकी, दोन तारांची, काळी. एक तार जाणाऱ्या बोलण्याला, एक येणाऱ्या. मी खिळे ठोकले, दोन्हीकडे वेगवेगळे अ‍ॅडॅप्टर लावले, यादीतली चौदा कलमं वाचून चौदाही खुणा केल्या आणि बटण दाबलं. स्वयंपाकघरातल्या पेटीच्या छोट्या स्क्रीनवर पुन्हा चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तासभर झगडले. वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "त्यापेक्षा मी मध्येच बसते बाई माजघरात." शेवटी मी दादाकडे गेले. या वेळी तो छताकडे बघत नव्हता, कपाळाला हात लावून बसला होता. "माझंच चुकलं गं. जन्मभर दोन तारांवर काम केलं... तिसरी पाहिजे याची आठवणच राहिली नाही." टेबलावर दोन्ही पट्ट्या एकाच लॅपटॉपला जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्यांची जमीन, म्हणजे विजेचा दाब जिथून मोजायचा ती शून्याची पातळी, आपोआप एक होती. आता दोघी आपापल्या अ‍ॅडॅप्टरवर. "तू तुझ्या ओट्यावरून उंची मोजणार, मी माझ्या अंगणातून मोजणार, मग आपलं जमणार कसं?" तो म्हणाला. मी एक हिरवी वायर वेगळी ओढली, दोन्हीकडची जमीन जोडली आणि स्क्रीनवर स्वच्छ अक्षरं उमटली. त्या स्वस्त स्क्रीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'चहा' लिहिलं होतं. वहिनींनी हात पुसत वाचलं आणि म्हणाल्या, "एवढा खटाटोप चहासाठी?"

तीन बटणं होती. पिवळं चहाचं, निळं पाण्याचं आणि लाल म्हणजे 'लवकर ये'. बटण दाबलं की ओट्यावर मोठा दिवा लुकलुकायचा आणि स्क्रीनवर शब्द यायचा. स्वयंपाकघरातली पट्टी उलट 'पोचलं' असं कळवायची, मग दादाच्या उशाशी हिरवा दिवा लागायचा. शिवाय दर पाच मिनिटांनी खोलीतली पट्टी विचारायची 'आहेस का?' आणि पलीकडून उत्तर यायचं 'आहे'. हे सगळं वेळेसकट खोलीतल्या पेटीतल्या एका मेमरी कार्डवर लिहिलं जायचं, कारण लाईन केव्हा तुटली याची नोंद नसेल तर ती लाईनच नव्हे, असं दादाचं खात्यातलं मत. लाल बटण त्यानं कधीच दाबलं नाही. पिवळ्याचा रंग मात्र वर्षभरात उडाला.

तो गेला त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही त्याची खाट खिडकीकडे सरकवली, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून. त्यात हिरव्या वायरीचा जोड निघाला. सोल्डरिंग गन तापत नव्हती, माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी तारा नुसत्या पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, बटण दाबून बघितलं, चाललं. वहीत लिहिलं, 'हिरव्या वायरीला पक्का डाग देणे, पुढच्या शनिवारी.' दादा म्हणाला, "चालेल गं, जा तू." बुधवारी तो गेला.

मी पोचले तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. नमस्कार केला, वहिनींजवळ बसले, आणि पाणी प्यायचं निमित्त करून त्याच्या खोलीत गेले. बबनरावांनी यंत्राबरोबर सगळा स्विचबोर्ड बंद केला होता. खाट भिंतीला उभी केलेली. आणि खाली हिरवी वायर, चिकटपट्टीतून सुटून लोंबकळत होती... ती सकाळीच सुटली होती, की खाट उचलताना? कोणाला विचारणार? डॉक्टर म्हणाले होते, झोपेतच गेले. पण डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगत असतील, असं मला वाटत राहिलं. त्यानं लाल बटण दाबलं असेल, हिरवा दिवा लागला नसेल, पुन्हा दाबलं असेल.

उत्तर कार्डात होतं. कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं, दोन मिनिटांचं काम. मी ते काढून पाकिटात घालून ठेवलं आणि वहीत सातवं कलम लिहिलं, 'कार्ड वाचणे.' दिवसांची यादी झाली, तेराव्याची झाली, मृत्यूच्या दाखल्याची आणि पेन्शनच्या कागदांची झाली. प्रत्येक यादीत बाकी सगळ्यावर खुणा पडल्या आणि सातवं कलम खाली उतरून पुढच्या यादीत गेलं. असं चार वेळा. तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही कलम चार वेळा पुढे ढकललेलं नाही. कार्ड फेकून द्यावं, असंही एकदा मनात आलं.

शेवटी वहिनींनीच विषय काढला. महिना होत आला होता, मी शनिवारी गेले होते. त्या शेंगा सोलत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "मंगल, ती पेटी सगळं लिहून ठेवायची ना?"

"हो."

"मग बघ ना एकदा. त्या दिवशी मी मागच्या दारी होते. बबनरावांच्या बायकोशी, मालतीशी बोलत उभी राहिले... बाराला गेले ते साडेबारा केले. ह्यांनी बोलावलं असेल आणि ओट्यावर दिवा लागून लागून विझला असेल तर?"

महिनाभर ही बाई तेच ओझं दुसऱ्या बाजूनं उचलून बसली होती. कार्डात 'पोचलं नाही' निघालं तर चूक माझी, 'पोचलं' निघालं तर त्यांची. मी त्यांना हिरव्या वायरीचं सांगितलं, पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "अगंबाई! आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, "तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" मग आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. मी पाकिटातून कार्ड काढून लावलं.

बुधवारची सकाळ. आठ वाजता पाणी, पोचलं. दहा चाळीसला चहा, पोचलं. दहा एकेचाळीसला चहा, पोचलं. दहा त्रेचाळीसला पुन्हा चहा. वहिनी डोळे पुसत हसायला लागल्या, "दुसरा नाही म्हटलं होतं मी. मग दिला अर्धा कप." त्यानंतर एकही बटण नाही. अकरापासून दर पाच मिनिटांनी फक्त 'आहेस का?' आणि 'आहे'. बाराला आहे. सव्वाबाराला आहे. साडेबाराला आहे. बारा पंचेचाळीसला आहे. मग कोरं, बबनरावांनी बोर्ड बंद केला तिथून. म्हणजे पिळलेला जोड शेवटपर्यंत टिकला होता. ओट्यावरचा दिवा त्यानंतर लागलाच नव्हता. त्यानं कुणालाही बोलावलं नव्हतं.

सगळं काही कार्ड सांगत नाही, हे मलाही कळतं. बटणापर्यंत हात गेला नसेल का, हा प्रश्न मी वहिनींना विचारला. त्या म्हणाल्या, बटणांची पेटी हाताखालीच होती आणि हात तिच्यावर निवांत पडलेला, पेपर छातीवर, चष्मा डोळ्यांवर. एवढं मला पुरलं. त्या संध्याकाळी महिन्याभरात पहिल्यांदा मी पोटभर जेवले. वहिनींनी भाकरी वाढता वाढता दादाच्या खांबांवरच्या गोष्टी सांगितल्या आणि आम्ही मोठ्यानं हसलो. वहीतल्या सातव्या कलमावर खूण केली, आणि मगच मला दादा गेल्याचं नीट रडू आलं.

पेट्या काढायच्या का, असं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "राहू देत, पण आता मी एकटी." मग आम्ही ठरवलं, बटणं वहिनींकडे आणि दिवा मालतीच्या ओट्यावर. बबनराव भिंतीवरून वायर घ्यायला शिडी घेऊन आले. "दोन तारांची आनलीय ताई, लई भारी हाय," ते म्हणाले. मी त्यांना परत पाठवलं. तीन तारांची वायर आली, हिरव्या तारेला दोन्ही टोकांना पक्का डाग दिला. यादीत ते पहिलं कलम होतं.

हे सगळं पुढच्या शनिवारी झालं; त्याआधी, ठरवलं त्या रविवारी, जुनी वायर तात्पुरती जोडून ठेवली होती. त्या रविवारी दुपारी मी दादाच्या खाटेवर पडले होते. ऑक्सिजनचं यंत्र परत गेलेलं, खोली इतकी शांत की खिडकीबाहेरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. उशाशी पेटी होती. मी रंग उडालेलं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मग माजघरापलीकडून वहिनींचा आवाज आला, खणखणीत, "करते! पण दुसरा मिळणार नाही हं!"