हलत्या हवेतला बिबट्या

आईला बिबट्या दिसला, पण लोकांना दिसला तो आईचा मोतीबिंदू. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं, तरी "काकूंनी कुत्रं बघितलं" हा विनोद कोल्हारच्या आमच्या वस्तीला दोन दिवस पुरला. मीही हसलो होतो, त्याची आज लाज वाटते. आई मात्र हटेना. नदीकडच्या कांद्यात खुरपायला निघालेल्या बायांना ती वाटेत अडवायची आणि त्या हसत पुढं जायच्या. वनरक्षक म्हणाला, "फोटो दाखवा, लगेच पिंजरा लावतो."

मी लग्नांचं शूटिंग करतो, त्यामुळे मोठ्या झूमचा कॅमेरा घरात होताच. लांबचं नीट दिसावं म्हणून शेजारच्या दाजींनी मधल्या रानातलं, तोडलेल्या उसाचं पाचट पेटवून दिलं. हा शहाणपणा अंगाशी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते काळं पडलेलं रान इतकं तापलं, की वरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलायला लागली. नेमकं तेव्हाच पलीकडच्या बांधावर, बाभळीखाली, काहीतरी येऊन बसलं. गच्चीवरून मी पाच मिनिटं रेकॉर्डिंग केलं. हाती आला थरथरणारा पिवळा डाग.

"कुत्रं बी असंल," वनरक्षक म्हणाला.

मला संताप आला, त्याचा कमी आणि हवेचा जास्त. चंद्राचे फोटो काढणाऱ्यांनाही हीच हवा छळते आणि त्यावर एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, हे यूट्यूबवर कळलं. आधी मी उत्साहात सगळ्या फ्रेम एकावर एक चढवल्या. डाग आणखी पसरला. मग डोक्यात प्रकाश पडला, की हवा क्षणभर थबकते तेवढ्याच फ्रेम कामाच्या. बाई तांदूळ निवडते तसं हजारोंतून शे-दीडशे निवडल्या. तरी कान एकीकडं आणि शेपूट दुसरीकडं, कारण हवा चित्राचा प्रत्येक तुकडा वेगळा सरकवते. म्हणून चित्राचे बारीक चौकोन पाडले, एकेक जागेवर बसवला, सगळ्या फ्रेमची सरासरी काढली आणि शेवटी कडा ठळक केल्या.

पाठीवर ठिपके उमटले. काळे, गोल, स्वच्छ. मिशासुद्धा दिसल्या म्हणलं तर थोडं जास्त होईल, पण तोंड मांजरीच्या जातीचं होतं यात शंका नव्हती. मी खुर्चीतून उडालोच. असा आनंद मला दहावी पास झाल्यावरही झाला नव्हता.

सकाळी तो फोटो देवळापुढं सगळ्यांच्या हातांतून फिरला. सगळ्यात जास्त हसलेले दाजी आईजवळ आले. "काकू, तुमचं खरं हुतं."

"माजं पहिल्यापास्नं खरं हुतं," आई म्हणाली. "तुमाला दिसायला उशीर झाला."

त्या दिवशी कांद्यात कुणी गेलं नाही. फोटो वनरक्षकाला पाठवला होताच; दुपारी टेम्पोतून पिंजरा आला. वनरक्षक खाली उतरला, माझ्या हातातल्या फोटोकडं न बघता सरळ आईपाशी गेला आणि म्हणाला, "काकू, कुठं लावायचा ते तुमी सांगा."