परबकाकांचे काळे केस

"केस काळेच ना? नक्की?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"फोटो बघा ना मॅडम! काळेभोर आहेत," परबकाकू भडकल्या.

त्यांचे यजमान दोन महिन्यांपूर्वी दहिसरच्या घरातून दूध आणायला उतरले, ते परतलेच नाहीत. विसरण्याचा आजार. मी पोलिसांच्या मिसिंग सेलमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर. एका यादीत हरवलेले, दुसरीत रस्त्यावर किंवा हॉस्पिटलात सापडलेले अनोळखी लोक. दोन्ही जुळवून बघायच्या.

त्यासाठी फिल्टर लावतात. फिल्टर म्हणजे चाळणी. पुरुष, सदुसष्टच्या आसपास, केस काळे, डाव्या हाताची करंगळी अर्धी. दर आठवड्याला हेच घालायचं आणि स्क्रीनवर काहीच यायचं नाही. काकू मात्र दर आठवड्याला यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, जसं काही मीच काकांना लपवलंय.

"सिस्टिममध्ये नाहीत म्हणजे नाहीत. पेंडिंगला टाक," साहेब म्हणाले.

"साहेब, चाळून पडलेलं पण बघायला हवं ना?"

"मग बघत बस."

बसले. वयाचा फिल्टर काढला, कारण सापडलेल्याचं वय कुणीतरी नुसतं बघून लिहितं. काही नाही. काकूंनी एवढं छातीठोक सांगितलेलं, म्हणून केसांना मी हात लावत नव्हते. वैतागून केसांचा फिल्टरही काढला. फक्त पुरुष आणि करंगळी.

एकच नोंद आली. मुलुंडचं एक हॉस्पिटल. अंदाजे वय ऐंशी, केस बारीक कापलेले, पांढरेशुभ्र, दात नाहीत, डावी करंगळी अर्धी.

"काकू, काका केस रंगवायचे?"

काकू पदराशी चाळा करायला लागल्या. मग हळूच, "दर रविवारी मीच कलप लावी. कोणाक सांगू नको म्हणून शपथ घातलेली माका."

"आणि दात?"

"कवळी. ती घरातच रवली."

"काकू!" मी इतक्या जोरात ओरडले की साहेब केबिनबाहेर आले. नवरा दोन महिने बेपत्ता, आणि ही बाई त्याचा कलप सांभाळत बसली होती! संताप संताप झाला. रडूही येत होतं.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा हॉस्पिटलातून फोन आला. काका तेच होते. पण काकू वॉर्डात त्यांच्या खाटेजवळून सरळ पुढे निघून गेल्या. ओळखलंच नाही. मागून काकांनीच हाक मारली, "अगो, कलप आणलंस काय?"

आता कुणीही तक्रार घेऊन आलं की नावाआधी मी कलप आणि कवळी विचारते. लोक भयंकर चिडतात. चिडू देत.