बोअरवाल्याची मांडी

अमडापूरच्या बाजारात एका बकरीनं ढुशी दिली आणि हा पन्नाशीचा, आडदांड बोअरवाला मांडी मोडून माझ्या दवाखान्यात आला. बकरीनं पाडलं हे सांगताना तो लाजत होता. मलाही हसू येत होतं, ते एक्स-रे पाहून मावळलं. हाड खडूसारखं पांढरंफटक, आतली पोकळी जवळजवळ बुजलेली. जन्मजात दोष. असं हाड दगडासारखं घट्ट, पण ठिसूळ असतं. जरा धक्का लागला की मोडतं. त्याचा डावा पाय लहानपणीच मोडून आखूड राहिला होता. आता मोडला तो उजवा, ज्याच्या जोरावर तो आयुष्यभर उभा राहिला तो.

पोकळीच नाही म्हटल्यावर आत सळई जाणार नव्हती. बाहेरून धातूची पट्टी लावून स्क्रू बसवायचं ठरलं. नागपूरला पाठवू का, असं विचारलं, तर म्हणाला, "तुमीच करा, साब. मले तुमच्यावर भरोसा हाय." अशा भरोशाचा मला रागच येतो.

भूल कमरेखाली दिलेली, त्यामुळे पडद्यापलीकडे गडी टक्क जागा. सावकाश ड्रिल करायचं हे मी वाचून गेलो होतो. पण पहिल्याच छिद्राला ड्रिल पुढे सरकेना, तसा मी इरेला पेटलो आणि जोर लावला. जळका वास आला आणि ड्रिलची बिट कटकन हाडातच तुटली.

"तुटली ना, साब?" पडद्यामागून आवाज आला.

"गप पडून राहा," मी खेकसलो.

"दाबू नका, साब. बोअर मारताना काया दगडात आमी मशीन दाबत नाही. पाणी सोडा, बिट वर घ्या, थंडी होऊ द्या. मंग पुन्हा."

सिस्टर मास्कमागे हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याचं बरोबर होतं. तुकडा तिथेच सोडून शेजारी नवं छिद्र घेतलं. सलाइनची धार, थोडं ड्रिल, मग थांबायचं. बिट बोथट झाली की नवी. सकाळी सुरू केलेलं काम संपेपर्यंत दुपार उलटून गेली.

असं हाड लवकर जुळत नाही. महिन्यामागून महिने तो कुबड्यांवर येई. एक्स-रेत सगळंच पांढरं; जुळलं की नाही, कळेना. मी आतून घाबरलेला असायचो आणि वरून त्याच्यावरच ओरडायचो, "पूर्ण भार टाकला तर याद राखा!"

परवा तो आला तेव्हा मी फिल्म उजेडावर धरून नेहमीसारखा डोळे ताणत होतो. मागे कुबड्या भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं, तर आखूड पाय उचलून तो एकट्या उजव्या पायावर उभा.

"दुखून नाही राह्यलं, साब."

"बसा खाली!" मी ओरडलो. तो काही बसला नाही. मीच खुर्चीत बसलो आणि सिस्टरांसमोर मला रडू आलं.