मिशीचे दहा मणी

तिळाएवढ्या भुंगेऱ्याचं वर्णन आठ छापील पानांत मावतं. ते करायला आम्हाला पाच वर्षं लागली. पाच वर्षं चार माणसं एका टेबलाभोवती बसली की भुंगेरा एकच राहतो, किस्से मात्र वाढत जातात! वैशाली म्हणते, "सर, किस्से तरी बिनधास्त लिहा. त्यांना शास्त्रीय लेखासारखा तपासणारा रेफरी नसतो." म्हणून लिहितोय. क्रमात चूक असू शकेल.

चार माणसं म्हणजे कोण, ते सांगतो. मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि डहाणूला राहतो. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. ती तलासरीला कॉलेजात शिकवते आणि रविवारी एसटीने माझ्याकडे येते. किशोरभाई दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी साचे, कोरतात, पोलादात केसाएवढी रेघ मारणारा माणूस. आणि रानशेतहून येणाऱ्या यमुनाबाई माझं घर आणि स्वयंपाक बघतात.

२०१४ साली गुजरातेत कोळशाच्या खाणीवर काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पेढ्यांच्या डब्यातून अंबरचे तुकडे पाठवले. अंबर म्हणजे जुन्या झाडांची दगड झालेली राळ. ही राळ पाच कोटी वर्षांपूर्वीची. एका तुकड्यात भुंगेरा अडकलेला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली धडधड. कारण तिशीत असताना मी एका भुंगेऱ्याला नवी जात म्हणून नाव दिलं होतं. दोन वर्षांनी परदेशातल्या एका म्युझियमचं सभ्य पत्र आलं की हा किडा आमच्याकडे शंभर वर्षं आहे, त्याला नावही आहे. तेव्हापासून शास्त्रीय याद्यांमध्ये खऱ्या नावापुढे '=' हे चिन्ह असतं आणि त्या चिन्हापुढे मी दिलेलं, रद्द झालेलं नाव. त्या चिन्हाच्या पलीकडे पुन्हा जायचं नाही, एवढीच माझी इच्छा होती.

*

डबा आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुकडे मोजले. एक कमी! घरभर शोधलं. शेवटी यमुनाबाईंना विचारलं.

"तो पिवळा खडा? राळ होती ना बाबा? संध्याकाळी देवापुढे निखाऱ्यावर टाकली."

मी खुर्चीत बसलो. भुंगेऱ्याचा तुकडा डब्यात आहे हे दोनदा पाहिलं, मग पाणी प्यालो.

"वास चांगला आला," यमुनाबाई म्हणाल्या. "जुनी असेल, पण माल चांगला."

रविवारी वैशालीला हे रडवेल्या आवाजात सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "सर, अंबर खरं की प्लॅस्टिक हे बघायला जाळूनच बघतात! ती टेस्ट आपल्याला करायचीच होती. बाईंनी करून टाकली."

*

तुकडा घासून पॉलिश केल्याशिवाय आत नीट दिसत नाही. जास्त घासला तर भुंगेराच जातो. हे काम किशोरभाईंकडे दिलं. ते कामाला बसले की मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायचो.

"थांबा! झालं बहुतेक. नाही, अजून थोडं. थांबा!"

किशोरभाईंनी तुकडा खाली ठेवला. "सर, तुम्ही आधी श्वास घ्या. तुम्ही श्वास रोखला की माझा हात रोखतो."

पुढच्या वेळी त्यांनी मला दुकानाबाहेर बाकावर बसवलं आणि समोरच्या चहावाल्याला सांगितलं, "साहेब उठले तर अजून एक कटिंग द्या." त्या दिवशी मी पाच कटिंग प्यालो.

*

भुंगेऱ्याच्या मागच्या पायाला एक दात दिसत होता. माझ्या माहितीत त्याच्या एकाही नातेवाइकाला असा दात नाही. मी त्या दातावर तीन पानं लिहिली. त्याचा उपयोग काय असावा, उत्क्रांतीत तो कुठून आला, सगळं. वैशालीला पानं आवडली. मलाही, म्हणूनच मला शंका आली असावी.

पुढच्या खेपेला किशोरभाईंनी तुकडा दिव्यासमोर तिरका धरला आणि म्हणाले, "सर, हा दात नाय. बुडबुडा आहे. बघा, गोल फिरवला की सरकतो ने?"

तीन पानं गेली. मी त्यांना विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पण तुम्ही एवढे खूश होते..."

*

दात गेल्यावर एकच वेगळेपण उरलं. भुंगेऱ्याच्या मिशीला मण्यांसारखे भाग असतात. याच्या सगळ्या नातेवाइकांना अकरा मणी. याला दहा दिसत होते. म्हणजे सोमवारी दहा, मंगळवारी अकरा, आणि बुधवारी मी मोजायचोच नाही. त्यात मिशी एकच दिसायची, डावी. उजवी अंगाखाली दबलेली. तिथपर्यंत घासलं असतं तर डोकं गेलं असतं.

वैशालीने गुप्त मतदान ठेवलं. प्रत्येकाने एकट्याने मायक्रोस्कोपला बसायचं, मोजायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा.

वैशालीची चिठ्ठी: दहा. किशोरभाईंची चिठ्ठी: दहा. माझी चिठ्ठी तिने उघडली आणि मोठ्याने वाचली, "दहा, बहुधा."

किशोरभाई म्हणाले, "हे मत बाद!"

*

उजवी मिशी बघायला तुकडा क्ष-किरण स्कॅनसाठी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचा ठरला. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आत काय आहे?"

खोटं बोलायला मला जमत नाही. "भुंगेरा."

"काका, जिवंत वस्तू घेत नाही आम्ही."

"मेलेला आहे."

"कधी मेला?"

"पाच कोटी वर्षांपूर्वी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वैशालीकडे. "काही सर्टिफिकेट आहे का?"

वैशालीने मला बाजूला केलं आणि फॉर्मवर लिहिलं: शोभेचा खडा. तो गेला, तसाच परतही आला. स्कॅनमध्ये डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूला नुसता ढग.

*

नावाचा प्रश्न किशोरभाईंनी काढला. वैशाली म्हणाली, "सरांचं नाव देऊ." मी सांगितलं की लेखकाने स्वतःचं नाव द्यायचं नसतं, ते वाईट दिसतं.

"मग लेखकांतून तुमचं नाव काढू," ती म्हणाली.

मला तेही नको होतं. ही गोष्ट कबूल करताना लाज वाटते, पण त्या पर्यायाचा मी तीन दिवस विचार केला होता! शेवटी डहाणूचं नाव दिलं.

यमुनाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सापडला गुजरातेत, आणि नाव डहाणूचं?"

"अहो, ओळख इथे पटली ना."

"मग ठीक. लग्न करून आलेल्या बाईसारखं," त्या म्हणाल्या.

*

२०१९ मध्ये लेख स्वीकारला गेला. दोन्ही रेफरींना मण्यांची संख्या पटली. एकाने एवढंच लिहिलं होतं की लेखकांनी 'बहुधा' हा शब्द कमी वापरावा. वैशालीने बत्तीस ठिकाणचा काढला, दोन मी चोरून परत घातले.

मग छपाईचा शेवटचा तपासणीचा मजकूर आला. अठ्ठेचाळीस तासांत परत पाठवायचा, फक्त बारीकसारीक दुरुस्त्या चालतील, अशी सूचना. तो शनिवार होता. मी पानं छापून टेबलावर पसरली होती. यमुनाबाई चहा ठेवायला आल्या आणि मोठ्या फोटोपाशी थांबल्या.

"हा त आमचे सरपणात असतो. भुरी चढलेल्या लाकडात."

"हा नाही, यमुनाबाई. हा पाच कोटी वर्षांपूर्वीचा. याचा नातेवाईक असेल."

"असेल. तोंडावळा तोच."

रविवारी सकाळी त्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत चार भुंगेरे घेऊन आल्या. जिवंत. वैशालीने पाहिल्याबरोबर सांगितलं, "सर, खरंच त्याच कुळातले आहेत! चला, मोजूनच टाकू. तुमची शंका कायमची जाईल."

किशोरभाईही आले होते. वैशालीने एकेक भुंगेरा काचेवर घेतला. पहिला: डावी अकरा, उजवी अकरा. दुसरा: अकरा, अकरा. तिसरा: अकरा, अकरा. किशोरभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, आता तरी पेढे सांगा!"

चौथा वैशालीने जरा जास्त वेळ पाहिला. मग खुर्चीवरून उठली आणि मला बसायला सांगितलं.

मी उजवी मिशी मोजली. अकरा. डावी मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. दहा.

मग किशोरभाई बसले. त्यांनी एकदाच मोजलं आणि उठले. "सर, मग आपल्या भुंगेऱ्याच्या न दिसलेल्या उजव्या मिशीलाही अकरा असू शकतात. मग नवी जात कसली?" वैशाली म्हणाली. लेखाची पानं पंख्याच्या वाऱ्याने हलत होती, त्यावर मी चष्म्याची डबी ठेवली.

यमुनाबाईंनी रिकामी बाटली हातात घेतली, काचेवरचा भुंगेरा अलगद आत घेतला, बूच लावलं आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, हा ठेवायचा, का नेऊन सरपणात सोडू?"