वर्षाराणीच्या घरची मूठ

पहाटेपासून धुई पडली होती. धरणाच्या पाण्यावरून उठून ती माकणीच्या पत्र्यांवर येऊन बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. हरणाबाईनं शेळीची धार काढली, करडापुरतं दूध आचळात ठेवलं, लेंड्या झाडून उकिरड्यावर टाकल्या, चुलीत तुराट्या सारल्या. रोजचंच काम. पण फळीवरची काठाची पितळी खाली घेताना तिचा हात थबकला.

आज मेजाचा रविवार होता. माकणीची ख्रिस्ती मंडळी लहान, दहा-बारा घरांची. पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा येतात, तेव्हाच भाकर मोडून सगळ्यांना वाटायचं प्रभुभोजन होतं. त्या भोजनाची भाकर कुणा एका घरची नसते. बहात्तरच्या दुष्काळात कुणाच्याच घरात एका भाकरीपुरतं गव्हाचं पीठ नव्हतं. मग जुन्या माणसांनी घराघरातून मूठमूठ गोळा केलं आणि भाकर झाली. पुढं गहू आला, चक्की आली, भूकंपानंतर चर्चला पत्र्याचं शेडही मिळालं. पण मुठीची चाल तशीच राहिली. पितळी घेऊन दारोदार जायचं. घरच्या बाईनं मूठभर पीठ घालायचं, "सलाम" म्हणायचं. मंडळीतल्या कुणावर मनात राग असला, तर मूठ घालायची नाही. आणि एका जरी घरची मूठ कमी पडली, तर पीठ मळायचं नाही. मेज रिकामं राहतं, पाळकसाहेब दोन गाणी म्हणून परत जातात. असं मागं एकदाच झालं होतं, बांधाच्या भांडणात. त्यानंतर निम्मी माणसं वर्षभर चर्चला फिरकली नव्हती.

नवरा वारल्यापासून पितळी हरणाबाईकडं होती. शिक्षण चौथी, काम दुसऱ्याच्या रानात खुरपायचं. पण प्रार्थनेला उभी राहिली की नळ सुटल्यासारखी बोलायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. कपाळाला इभूत लावणारा किराणावाला बसप्पासुद्धा म्हैस अडली तेव्हा म्हणाला होता, "हरणाबाई, तुमच्या साहेबाच्या कानावर घाला की जरा." हरणाबाईनं घातलं. म्हैस सुटली. तेव्हापासून बसप्पा तिला वशिल्याची बाई म्हणायचा. हरणाबाई वरवर रागवायची, पण तिला ते आवडायचं.

त्या आवडीनंच घात केला.

तिची धाकटी जाऊ वर्षाराणी, दीर धनाजीची बायको. वर्षाराणीचा पोरगा प्रेम ट्रॅक्टर चालवायचा आणि मधी दारूला लागला होता. सात महिन्यांपूर्वी त्यानं ती सोडली. वर्षाराणीनं हे फक्त हरणाबाईला सांगितलं होतं. "पुन्हा त्या वाटंला जाऊ नये म्हणून प्रार्थना करा, अक्का. पण मनात करा." मागच्या बुधवारी बायका-माणसं प्रार्थनेला जमली. प्रेमला पोरगी द्यायचं चाललं होतं, त्या पोरीचा मामा जळकोटहून आला होता आणि पुढंच बसला होता. हरणाबाई उभी राहिली. बोलता बोलता सूर चढला आणि तिनं भरल्या सभेत प्रेमचं नाव घेतलं, बाटलीचं नाव घेतलं, "सोडीव रे बापा माझ्या लेकराला" म्हणून पदर डोळ्याला लावला.

दुसऱ्या दिवशी जळकोटहून फोन आला. सोयरीक मोडली.

आता ती पितळी घेऊन निघाली. धुईत दारं उघडत होती, मुठी पडत होत्या. मंडळीचा कारभार बघणारे वडील महारुद्रदादा दारातच उभे होते. त्यांच्या बायकोनं मूठ घातली. दादा म्हणाले, "धनाजीचं घर आधी घ्यायचं व्हतं, हरणाबाई."

"शेवटाला घेते."

"पाळकसाहेबांची गाडी लोहाऱ्यातून सुटली. फोन आलाय."

हरणाबाईनं मान हलवली. पितळी जड होत चालली होती, आणि तिला ठाऊक होतं, तिच्यात अजून दोन घरांच्या मुठी नव्हत्या. एक वर्षाराणीची. दुसरी तिची स्वतःची.

वर्षाराणी चुलीपुढं भाकरी थापत होती. धनाजी बाजेवर बसून चहा पीत होता.

"सलाम, वर्षा."

थापायचा आवाज वाढला.

"पीठ न्यायला आले."

"आमचं पीठ बाटलीवाल्याच्या घरचं हाय, अक्का. मंडळीला चालंल व्हय?"

"अगं, घाल की मूठ," धनाजी म्हणाला. "पाळक येऊ लागलेत."

"तुमी गप ऱ्हावा. सोयरीक मोडली तवाबी गपच बसला व्हता." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पहिल्यांदाच जावेकडं बघितलं. "म्या काय म्हणले व्हते तुमाला? मनात करा म्हणले व्हते का न्हाय?"

"व्हय."

"जळकोटचा पाव्हणा म्होरं बसला व्हता. दिसला न्हाय तुमाला?"

हरणाबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. साऱ्या गावाला माहीत होतं. दिसला नाही म्हटलं असतं तर वर्षाराणीनंही मानलं असतं, मूठ पडली असती, सगळं वेळेत झालं असतं. बाहेर महारुद्रदादांचा आवाज आला, "हरणाबाई, पाळकसाहेब फाट्यावर उतरले!"

"दिसला," हरणाबाई म्हणाली.

धनाजीची कपबशी हातातच राहिली.

"मग?"

"सगळे आमेन, आमेन म्हणाय लागले. म्हातारी माणसं रडाय लागली. मग माझी जीभ थांबंना. तुझ्या पोराचं दुखणं म्या ताटात वाढल्यावाणी वाढलं, वर्षा. अन् वाढताना मला बरं वाटत व्हतं."

तव्यावरची भाकरी धुरायला लागली. मागच्या दारानं प्रेम आत आला, हात ऑईलनं काळे. "आई, भाकर जळाय लागली," म्हणाला आणि चुलतीला बघून थांबला. मग चिंधीला हात पुसत सावकाश बोलला, "मोठी आई, सात म्हैने झाले म्या शिवलो न्हाय तिला. तुमी देवाला ते सांगितलंच न्हाय."

"देवाला ठावं हाय रे."

"देवाला असंल. पाव्हण्याला न्हवतं."

हरणाबाईनं पितळी उंबऱ्यावर ठेवली. "माझ्या घरची मूठबी न्हाय हिच्यात. घालायला हात झाला न्हाय. मळावं वाटलं तर मळ, न्हायतर ऱ्हाऊ दे. म्या चर्चला जाते. सगळ्यांम्होरं बोलले, सगळ्यांम्होरंच फेडते."

ती वळली, तेव्हाही वर्षाराणी तव्याकडंच बघत होती.

शेडात माणसं बसली होती. मेजावर पांढरं कापड, द्राक्षारसाऐवजी मनुक्याच्या पाण्याचा पेला आणि रिकामं ताट. पाळकसाहेबांनी ताटाकडं बघितलं, महारुद्रदादांनी दाराकडं. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. पाळकसाहेबांनी बायबल मिटायला हात घातला तशी हरणाबाई उभी राहिली. सवयीनं सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे झाकले.

"डोळे झाकू नका," ती म्हणाली. "ही प्रार्थना न्हाय."

डोळे उघडले. आपल्याकडं एवढे उघडे डोळे बघायची तिला सवय नव्हती.

"म्या बुधवारी प्रार्थनेचं नाव करून चहाडी केली. वर्षानं इश्वासानं सांगितलेलं म्या चारचौघांत टाकलं. आन् निम्मंच टाकलं. प्रेमनं दारू सोडून सात म्हैने झाले. ते म्या बोलले न्हाय, कारण त्याच्यात रडण्यासारखं काय नव्हतं. पाव्हणा म्होरं बसलेला मला दिसत व्हता."

ती खाली बसली. कुणीही आमेन म्हणालं नाही. मागं एक म्हातारी नुसती खोकली.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. आधी धनाजी आला, मग प्रेम. त्यांच्यामागं वर्षाराणी, हातात फडक्यानं झाकलेली पितळी. सरळ मेजापाशी गेली आणि भाकर ताटात ठेवली. जाड, गरम, एका काठाला करपलेली. मोठ्या जावेकडं तिनं बघितलं नाही. बायकांत, तिच्यापासून दोघी सोडून बसली.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट फिरत हरणाबाईपाशी आलं. तिनं हात लावला नाही, ताट तसंच पुढं सरकवलं. त्या भाकरीत तिचं पीठ नव्हतं.

दोन बायकांच्या पलीकडून दबका आवाज आला. "घ्या. तुमची मूठ हाय तिच्यात."

हरणाबाईनं बघितलं.

"तुमच्या घरला जाऊन डब्यातनं घेतली. कडीबी लावत न्हाय तुमी. किडे झालेत पिठाला. चाळून घ्यावं लागलं."

हरणाबाईनं करपलेल्या काठाचा तुकडा उचलला. चावताना तिला डोळे झाकायचे होते, पण तिनं ते उघडेच ठेवले.

उपासना सुटली, पाळकसाहेबांना चहा झाला. वर्षाराणीनं पितळी आणून जावेच्या हातात दिली. आतून पीठ वाळून चिकटलं होतं. "घासून ठेवा."

"वर्षा..."

"पोरगी गेली ती गेलीच, अक्का. काल तिची दुसरीकडं सुपारी फुटली." तिनं पदर सावरला. "बोलंन म्या तुमच्याशी. आज न्हाय."

"व्हय," हरणाबाई म्हणाली.

धुई विरली होती. घरी येऊन तिनं चुलीतली राख काढली, नारळाच्या काथ्यानं पितळी घासली, पालथी घातली. मग डबा उघडून बघितला. वर्षा खोटं बोलली नव्हती. तिनं खुंटीची चाळण काढली, सुपावर फडकं अंथरलं आणि उन्हात बसून पीठ चाळू लागली.