ॲसिडबाईंची आंबील

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. ॲसिडबाईंचे जीवाणू मी मारले.

बाई सोलापूरच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रयोगशाळेतला मदतनीस. नाव पोरांनी ठेवलेलं, बाईंना ठाऊक होतं. "ॲसिडच म्हणा, पण जपून हाताळा," म्हणायच्या. रागाची सुरुवात मराठीत व्हायची, शेवट कन्नडमध्ये. अर्थ कळायचा नाही, पण मान आपोआप खाली जायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर हा सगळा राग एका जागी गोळा झाला. खडी फोडणाऱ्या बायांची लेकरं त्यांनी पाहिली होती. ज्वारीची आंबील दाट केली तर लेकराला गिळवत नाही, पाणी घातलं तर पोट भरत नाही. आंबवणाऱ्या जीवाणूंनीच पीठ जास्त फोडलं, तर दाट आंबीलही सहज उतरेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरोघरच्या आंबिलीतले जीवाणू आणून त्या अतिनील दिव्याखाली धरायच्या. बहुतेक मरायचे. उरलेल्यांत एखादा बदललेला निघेल, पीठ फोडणारं एन्झाइम जास्त सोडेल, याची वाट बघायची. "पोळल्याशिवाय कुणी सुधारतं का?" हे माझ्याकडे बघून.

शेवटी तसा एक सापडला. पिठाच्या थाळीवर आयोडीन ओतलं की थाळी निळीकाळी व्हायची, त्याच्याभोवती मात्र रुंद, स्वच्छ कडं, म्हणजे तिथलं पीठ फुटलेलं. त्या दिवशी बाई कुणावरच ओरडल्या नाहीत. आम्हाला भीतीच वाटली.

मे महिन्यात आईच्या आजारपणासाठी त्या अक्कलकोटला गेल्या. जीवाणूंना वेळेवर नवं खाद्य द्यायचं, फ्रिज सांभाळायचा, एवढंच मला सांगून. मी वैरागला मेव्हण्याच्या लग्नात रमलो. परतलो तर फ्रिज बंद, आत सोलापूरचा उन्हाळा. नळ्यांतलं काहीच उगवेना. मग घरच्या आंबिलीतले जीवाणू मी त्याच चिठ्ठीच्या नळीत वाढवले. दिसायला तसेच, पांढरे. पुढच्या कामाला मंजुरी देणारी समिती यायची होती, तिला दाखवायची थाळीही त्यांचीच केली.

समिती आणि बाई एकाच सकाळी आल्या.

"तपासलंस?" बाईंनी मला विचारलं.

"व्हय, बाई. कडं येतंय की."

बाईंनी आयोडीन ओतलं. सगळी थाळी निळी. "बाई, ही शाई लेकरांना पाजणार?" एक पाहुणे म्हणाले. प्राचार्य सगळ्यांत मोठ्यानं हसले. ते हसू आठवलं की आजही हात शिवशिवतात, आणि मारायला माझ्याच गालाशिवाय दुसरा गाल सापडत नाही.

मदतनीसानं घोळ घातला असेल, असं कुणीतरी सुचवलं. बाई कडाडल्या, "त्याचं नाव घ्यायचं नाही. चूक माझी." मी ती निळी थाळी उचलली आणि धुवायला नेली.

काम बंद पडलं, प्रयोगच बनावट होता अशी कुजबूज झाली. बाई नोकरी सोडून विजापूरकडच्या एका शाळेत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "तोंड पाडून काय उभा आहेस? कामाला लाग." लागलो. आज त्याच विभागाचा प्रमुख आहे.

बाई मागच्या वर्षी वारल्या. त्यांचं संशोधन खरं होतं आणि ते मी बुडवलं, हे कॉलेजच्या सभेत उभं राहून, माझ्या नावानिशी सांगायचं देणं मी त्यांना अजून लागतो.