शेजारच्या सरांच्या दंडपेशी

जगात माणसं दोनच प्रकारची, असं आमच्या शेजारच्या सरांचं ठाम मत होतं: शंकूपेशींवर भाळणारी आणि दंडपेशींची कदर करणारी. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस बिबवेवाडीत भेटेल त्याला डोळ्याचा पडदा उलगडून दाखवी. "अहो, रंग दाखवतात त्या शंकूपेशी. उजेड गेला की त्यांची सुट्टी! मग राबतात दंडपेशी. रंग कळत नाही बिचाऱ्यांना, पण अंधारात त्याच सांभाळतात."

लोडशेडिंगच्या नावाने सगळी सोसायटी बोटं मोडायची. सर मात्र वीज जायच्या आधीच एका डोळ्यावर रुमाल बांधून दंडपेशींना अंधाराची सवय लावत बसायचे. आम्ही मेणबत्ती शोधेपर्यंत हे रुमाल सोडून जिना उतरलेलेसुद्धा असायचे. एकदा तशाच अवतारात लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर गेले. स्थळ हातचं गेलं. लेक म्हणाली, "बरं झालं." अंधारात वस्तूकडे सरळ बघू नये, जरा बाजूला बघावं, कारण पडद्याच्या मधोमध दंडपेशी नसतातच, हा त्यांचा दुसरा सिद्धान्त. त्यापायी जिन्यात पडलेली किल्ली शोधताना ते समोरच्या बाईंच्या दाराकडे टक लावून बघत आणि बाई धाडकन दार लावून घेत.

तिसरा सिद्धान्त सरांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, भोवला. "तिन्हीसांजेला लाल पहिला काळा पडतो. निळा शेवटपर्यंत टिकतो," असं म्हणून सरांनी त्यांचं कपाट निळ्या साड्यांनी भरलं. "शालू तेवढा लाल आहे. ह्यांचं हे डोळ्यांचं सुरू व्हायच्या आधीचा," वहिनी सांगत. लेक मात्र हट्टाने लालच कपडे घाली.

मग तिला खराडीच्या कंपनीने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. विमानतळाची गाडी यायची ती नेमकी तिन्हीसांजेला, आणि तेव्हाच वीज जायची. सरांचा जीव टांगणीला लागला. "जाताना नीट दिसायला हवी हो," एवढंच ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते.

वीज गेली. लेक खाली आली ती निळा ड्रेस घालून. "बाबा, शेवटपर्यंत टिकतो ना?" गाडी निघाली, खिडकीतून हात हलू लागला, आणि सर फाटकाजवळच्या बदामाच्या झाडाकडे बघत उभे राहिले.

"अहो, तिकडे काय बघताय? लेक चालली!" वहिनी रडवेल्या होऊन ओरडल्या.

"तिलाच बघतोय गं. सरळ बघितलं की दिसेनाशी होते."

मीही मग त्या झाडाकडे बघत राहिलो. रंग कळत नव्हता, पण गाडी वळेपर्यंत हात हलताना दिसत होता.